प्री-डेंटलसाठी न्यूयॉर्कला जावं का? आधी राज्य ठरवा, मग शहर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३१. पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत चार वर्षांचं बी.टेक., मग ओहायोत एम.एस., आणि आता कोलंबसमध्ये एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्टची नोकरी. नवऱ्याचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, आणि त्याचं काम घरूनच चालतं. दंतवैद्य व्हायचं बरेच दिवस मनात आहे. त्यासाठी डेंटल कॉलेजच्या प्रवेशाआधी लागणारे, म्हणजे प्री-डेंटल, विषय करायला नोकरी सोडून दोघांनी न्यूयॉर्कला जायचा बेत आहे, कारण तिथे डेंटल कॉलेजं बरीच आहेत आणि मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या विद्यापीठाचा पोस्ट-बॅक प्रोग्रॅम, म्हणजे पदवीनंतर हे विषय करून घेणारा अभ्यासक्रम, नावाजलेला आहे. गाठीशी ६० हजार डॉलर आहेत. ते पुरतील का, उशीर झालाय का आणि भारतातल्या मार्कांचं काय होईल, हे तुम्ही विचारलंत.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते, आठवड्यातला एक दिवस डेंटल कॉलेजच्या क्लिनिकमध्ये शिकवते आणि प्रवेशाच्या मुलाखतींना बसते. मुंबईत मायक्रोबायोलॉजी करून, लग्नानंतर इथे येऊन, मी हेच सगळे विषय कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांना बसून केलेत. त्यामुळे सांगते ते थोडं अनुभवाचं आहे आणि थोडं टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं.

उशीर झालेला नाही. ते मी आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात ती भीती तीनदा डोकावली आहे. आमच्या वर्गांमध्ये तिशी ओलांडलेली माणसं दर वर्षी असतात, आणि पेशंटशी बोलताना त्यांचं वय त्यांच्या उपयोगी पडतं. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही दोन निर्णय एकाच गाठीत बांधले आहेत: पूर्वतयारीचे विषय कुठे करायचे, आणि पुढची चार वर्षं डेंटल कॉलेज कुठे करायचं. न्यूयॉर्कमध्ये विषय केले की न्यूयॉर्कच्या डेंटल कॉलेजात शिरकाव सोपा होईल, असं तुमच्या बोलण्यातून दिसतं. तसं होत नाही. तिथली खाजगी कॉलेजं, म्हणजे एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) किंवा कोलंबिया, देशभरातून विद्यार्थी घेतात. तुम्ही ऑरगॅनिक केमिस्ट्री त्यांच्या शेजारच्या इमारतीत केलीत की कोलंबसमध्ये, याने त्यांचं फारसं अडत नाही. ते बघतात तुमचे ग्रेड, डॅट या डेंटलच्या प्रवेशपरीक्षेचे गुण, शिफारसपत्रं आणि दवाखान्यात घालवलेले तास.

सरकारी कॉलेजांचं मात्र अडतं. त्यांना तुम्ही कुठल्या राज्याच्या रहिवासी आहात याने खूप फरक पडतो, प्रवेशातही आणि फीमध्येही. टेक्सासमध्ये तर सरकारी डेंटल कॉलेजांनी बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा दंडकच आहे. ओहायोत ओहायो स्टेट आहे, तेही तुमच्याच गावात, आणि रूट्सटाउनला नीओमेड या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाचं नवं डेंटल कॉलेज २०२५ मध्ये सुरू झालंय. क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न खाजगी आहे. न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी स्टोनी ब्रूक आणि बफलो ही दोन सरकारी कॉलेजं आहेत. म्हणजे न्यूयॉर्कला गेलात तर ओहायोचा हक्क जातो आणि काही काळाने न्यूयॉर्कचा मिळतो. तो सौदा वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण बेत करताना तुम्ही शहर निवडताय, आणि निवडायला हवं ते राज्य.

आता पैशांचं बघू. डेंटल कॉलेजांच्या अटी जागोजागी वेगळ्या असल्या तरी गाभा सारखाच असतो: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी वर्षभर आणि लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी, आणि बऱ्याच ठिकाणी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी. गोळाबेरीज साधारण ४० क्रेडिटच्या आसपास जाते. तुम्ही म्हणताय त्या दर्जाच्या खाजगी विद्यापीठात एका क्रेडिटला दोन हजार डॉलरच्या वर पडतात, म्हणजे ८० हजारांच्या वर नुसती फी. तुमच्या कोलंबस स्टेट कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला क्रेडिटमागे दोनशे डॉलरच्या आसपास पडतात. तेच ४० क्रेडिट आठ हजारांत. पुस्तकं, लॅबची फी धरून दहा म्हणा. दोन्हीकडे बेंझिनचं रिंग तेच असतं.

घरभाड्याचा फरक याच्या वर. मॅनहॅटनमध्ये एका बेडरूमचं बरं घर चार हजारांच्या खाली मिळणं कठीण. क्वीन्समध्ये आत शिरलात तर कमी पडेल, पण कोलंबसच्या तुलनेत महिन्याला दीड-दोन हजारांचा फरक धरूनच चाला. दोन हजार धरले तर दोन वर्षांत ४८ हजार. तुमच्या साठवणीतले ६० हजार अशा रीतीने डेंटल कॉलेजची पायरी चढायच्या आधीच संपतात, आणि मधल्या काळात तुमचा पगारही बंद असतो.

हा पैसा आत्ता का जपायचा, तर पुढच्या चार वर्षांचं कर्जाचं गणित बदललंय. पूर्वी डेंटलचे विद्यार्थी ग्रॅड प्लस नावाच्या सरकारी कर्जातून जवळजवळ सगळा खर्च भागवायचे, कॉलेजने सांगितलेल्या एकूण खर्चापर्यंत. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने ते कर्ज २०२६ च्या १ जुलैपासून नव्या कर्जदारांना बंद झालं. आता व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, एवढंच. न्यूयॉर्कच्या खाजगी डेंटल कॉलेजात चार वर्षांचा राहण्यासकटचा खर्च पाच लाखांच्या वर जातो. मधले तीन लाख खाजगी बँकेकडून घ्यावे लागतील, तेही नवऱ्याच्या किंवा सासरच्या कुणाच्या सहीवर, बँक सांगेल त्या व्याजाने. आणि पदवीनंतरच्या शिक्षणाच्या कर्जावर सरकारीतसुद्धा व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. डेंटिस्टचा पगार चांगला असतो हे खरं, पण पाच लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली तरुण मुलं मला मोठ्या साखळी दवाखान्यांत दिवसभर राबताना दिसतात. स्वतःचा दवाखाना काढायची त्यांची इच्छा वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. म्हणून मी म्हणते, तुमचे ६० हजार डेंटलच्या पहिल्या वर्षासाठी ठेवा. तिथे ते खाजगी कर्ज थेट तेवढ्याने कमी करतील.

इथे थांबून एक सांगायला हवं: हे सगळं तुमच्या ग्रीन कार्डवर उभं आहे. सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. हे वाचणारं कुणी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा जोडीदाराच्या एच-४ वर असेल तर त्यांचं चित्र वेगळं. एच-४ वर शिकता येतं, पण सरकारी कर्ज नाही आणि बरीच सरकारी डेंटल कॉलेजं अर्जच घेत नाहीत. त्यांनी विषयांवर एक डॉलर खर्च करण्यापूर्वी ज्या कॉलेजांत जायचंय त्यांच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून, "माझा व्हिसा हा, तुम्ही मला घेता का," असं सरळ विचारून लेखी उत्तर घ्यावं. तुमच्या बाबतीत उलट एक जमेची बाजू आहे. नागरिकाशी लग्न झालेल्याला ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती फक्त नागरिकांना मिळते. ती मिळाली तर फी आणि महिन्याचा खर्च सरकार देतं, आणि बदल्यात डेंटिस्टांची वानवा असलेल्या भागात काही वर्षं काम करायचं. तुमचं वेळापत्रक मी खाली मांडते त्यात डेंटल कॉलेज सुरू व्हायच्या सुमाराला तुम्ही नागरिक झालेल्या असू शकता. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वेळापत्रक ठरतं ते केमिस्ट्रीवरून. बायोलॉजी, फिजिक्स इकडेतिकडे हलवता येतात. पण जनरल केमिस्ट्री एक झाल्याशिवाय दोन नाही, दोन झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. ही साखळी तोडता येत नाही, मग तुम्ही कितीही मोठ्या शहरात राहा. समजा २०२६ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात केलीत. पहिल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात जनरल केमिस्ट्री, जमलं तर जोडीला बायोलॉजी. २०२७ च्या उन्हाळ्यात फिजिक्स. पुढचं वर्ष ऑरगॅनिक आणि उरलेली बायोलॉजी. २०२८ च्या मे-जूनमध्ये डॅट आणि लगेच अर्ज. डेंटलचा सामाईक अर्ज, ज्याला सगळे आडसास म्हणतात, जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो, आणि कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत जातात, त्यामुळे लवकर पाठवलेल्याला फायदा. त्या शरद ऋतूत बायोकेमिस्ट्री आणि मुलाखती, डिसेंबरपासून प्रवेशाची पत्रं, आणि २०२९ च्या ऑगस्टमध्ये वर्ग सुरू. तेव्हा तुम्ही ३४ वर्षांच्या असाल, आणि पदवी हातात येईल तेव्हा ३८ च्या. नोकरी सोडून न्यूयॉर्कला गेलात आणि दिवसा पूर्णवेळ शिकलात तर उन्हाळ्याचे वर्ग धरून फार तर एक वर्ष वाचेल, आणि एवढे विषय एकदम घेतल्यावर ग्रेड टिकवायची जोखीम येईल ती वेगळी.

ग्रेडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण भारतातून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. आडसास तुमचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढतं तो इथल्या कॉलेजांतल्या ग्रेडवरून. पुण्यातल्या चार वर्षांचे मार्क त्या सरासरीत येत नाहीत. एम.एस.चा जीपीए वेगळ्या रकान्यात दिसतो. त्यामुळे इथे लहानाचं मोठं झालेल्या मुलाकडे सव्वाशे क्रेडिटांची सरासरी असते, तिच्यात एखादा सी बुडून जातो. तुमच्याकडे असतील ४० क्रेडिट. त्यात ऑरगॅनिकला सी आला तर तो आकड्यात लगेच दिसतो, आणि विषय पुन्हा केलात तरी दोन्ही ग्रेड धरले जातात. याचा अर्थ घाबरून जावं असा मुळीच नाही. याच गोष्टीमुळे तुमच्याकडे कोरी पाटी आहे, आणि ती ए ग्रेडने भरता येते. पण त्यासाठी एका वेळी दोन विषय घेऊन ते नीट करणं हे चार विषय घेऊन दमण्यापेक्षा शंभरपट शहाणपणाचं. तीन तासांची लॅब, तिचा रिपोर्ट, दर आठवड्याची क्विझ, हे सगळं ऑफिसनंतर करून बघा. पहिल्या सेमिस्टरमध्येच तुम्हाला कळेल की हा अभ्यास तुमच्या आयुष्यात बसतो की नाही, आणि ते कळायला तुम्हाला नोकरी सोडावी लागलेली नसेल.

कम्युनिटी कॉलेजचे ग्रेड चालतात का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. बहुतेक ठिकाणी चालतात. काही कॉलेजं मर्यादा घालतात, काही नुसतंच "चार वर्षांच्या कॉलेजातले बरे" असं म्हणतात. मी मुलाखतीला बसते तेव्हा मला बघायचं असतं की अवघड विषय विद्यार्थ्याने कुठेतरी मोठ्या वर्गात, तगड्या स्पर्धेत पेललाय. म्हणून जनरल केमिस्ट्री आणि फिजिक्स कम्युनिटी कॉलेजात करा, आणि ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री ओहायो स्टेटमध्ये. दोन्ही तुमच्या घरापासून बसच्या अंतरावर आहेत. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. पदवीसाठी नाव न नोंदवलेल्या विद्यार्थ्यांची विषयनोंदणी सगळ्यात शेवटी उघडते, आणि ऑरगॅनिकच्या लॅबच्या जागा तोवर भरलेल्या असतात. तेव्हा प्री-हेल्थच्या सल्लागाराला आदल्या सेमिस्टरमध्येच गाठा. प्रवेशपूर्व विषयांसाठी पदवीधरांना सलग १२ महिन्यांपुरतं सरकारी कर्जही मिळतं, स्वतंत्र विद्यार्थ्याला साडेबारा हजार डॉलरपर्यंत, पण त्यासाठी निम्म्या वेळेचा तरी विद्यार्थी असावं लागतं आणि हे विषय प्रवेशासाठी लागतात असं कॉलेजने लिहून द्यावं लागतं. तुम्हाला बहुधा त्याची गरज पडणार नाही.

मोठ्या विद्यापीठाच्या पोस्ट-बॅक प्रोग्रॅमचा काही उपयोगच नाही का? आहे. ज्यांचे आधीचे इथले ग्रेड पडलेले आहेत, ज्यांना कुणीतरी बोट धरून वेळापत्रक आखून द्यायला हवं असतं, किंवा कॉलेजच्या समितीचं एकत्रित शिफारसपत्र हवं असतं, त्यांना तो पैसा कारणी लागतो. तुम्ही इथे एम.एस. केलंय, नोकरी टिकवली आहे. तुम्हाला दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची आणि एका डेंटिस्टची चांगली पत्रं मिळवता येतील. छोट्या वर्गात प्राध्यापकाला तुमचं नाव माहीत असतं, आणि शिफारसपत्राला तेच लागतं.

डॅटबद्दल एकच. त्यात फिजिक्स नसतं, बायोलॉजी आणि दोन्ही केमिस्ट्री असतात, वाचन आणि गणित असतं. आणि एक विभाग असतो जो भारतात शिकलेल्या कुणीच आधी पाहिलेला नसतो, तो म्हणजे पर्सेप्चुअल ॲबिलिटी. एका तासात ९० प्रश्न: कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, चार कोनांपैकी सगळ्यात लहान कुठला, ही वस्तू कुठल्या फटीतून आरपार जाईल. हा विभाग रटून येत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं सराव केल्यावर डोळा तयार होतो. तो ऑरगॅनिकच्या वर्षातच सुरू करा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या, गणपतीची शाडूची मूर्ती घरी करणाऱ्या मुली मला या कामात लवकर रुळताना दिसल्या आहेत. तुमचा असा काही हाताचा छंद असेल तर तो अर्जात लिहा. मुलाखतीत आम्ही त्याबद्दल आवर्जून विचारतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ती. तुमच्या पत्रात केमिस्ट्री आहे, भाडं आहे, रँकिंग आहे. दवाखाना कुठेच नाही. "दंतवैद्य व्हायचं मनात आहे" यापलीकडे तुम्ही आजवर कुणाच्या शेजारी उभं राहून हे काम पाहिलंय का, ते लिहिलेलं नाही. वर्गात नाव घालण्याआधी ते करा. कोलंबसमधल्या एखाद्या जनरल डेंटिस्टला फोन करा, तुमच्या स्वतःच्या डेंटिस्टपासून सुरुवात करा, आणि शनिवारी सकाळी जाऊन उभ्या राहा. न्यूयॉर्कमध्ये हे शॅडोइंग, म्हणजे डेंटिस्टच्या शेजारी उभं राहून काम बघणं, सोपं जाईल असं तुम्हाला वाटतंय. तिथल्या दवाखान्यांकडे आसपासच्या सगळ्या कॉलेजांच्या मुलांची रांग असते. मध्यम शहरातला डेंटिस्ट तुम्हाला आनंदाने बोलावेल आणि शेजारी उभं करून समजावूनही सांगेल.

तिथे काय बघायचं, तेही सांगते. वरच्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या दाढेच्या मागच्या अंगाला कीड लागलेली असते. तिकडे सरळ बघताच येत नाही. डेंटिस्ट पेशंटच्या डोक्यामागे बसते, डाव्या हातात छोटा आरसा, आणि त्या आरशात उलटं दिसणारं चित्र बघत उजव्या हाताने ड्रिल चालवते. ड्रिलच्या पाण्याने आरशावर फवारा उडतो, श्वासाने तो धुकटतो, गाल मध्ये येतो, जीभ मध्ये येते, असिस्टंट सक्शनने वाट करून देत असते. मिलिमीटरभर दिशा चुकली की शेजारच्या धडधाकट दातावर ओरखडा. तेवढ्यात तुमचं लक्ष पेशंटच्या हाताकडे जाऊ द्या. खुर्चीचा दांडा त्याने किती घट्ट धरलाय ते बघा, आणि डेंटिस्ट हात थांबवून त्याच्याशी काय बोलते ते ऐका. हे दिवसातून आठ-दहा वेळा, मान वाकवून, तीस वर्षं करायचं आहे. हे बघून तुम्हाला "मला हे करून बघायचंय" असं वाटलं, तर पुढचं सगळं निभेल.

ड्रिल बंद झाल्यावरही थांबा. पेशंटला रूट कॅनाल आणि वर क्राउन लागणार आहे, आणि त्याचा दातांचा विमा वर्षाला दीड हजार डॉलरपर्यंतच पैसे देतो. ते पैसे एका दातात संपतात. वाचवता येण्यासारखा दात काढून टाकायचा निर्णय तो तुमच्या समोर घेतो. हे मला आजही जड जातं. या देशात दातांचं दुखणं बाकीच्या शरीरापासून वेगळं काढून ठेवलंय, आणि त्या फटीत सापडलेली माणसं रोज तुमच्या खुर्चीत येऊन बसणार आहेत. म्हणून नुसता चकचकीत खाजगी दवाखाना बघू नका. एखादं कम्युनिटी क्लिनिक बघा, लहान मुलांचा डेंटिस्ट बघा, तोंडाची शस्त्रक्रिया बघा. फेब्रुवारीत देशभर 'गिव्ह किड्स अ स्माइल' नावाखाली मुलांना मोफत उपचार देतात, तिथे स्वयंसेवक म्हणून जा. शंभरएक तास झाले की अर्जात लिहायला तर होईलच, पण त्याआधी तुमचं तुम्हाला उत्तर मिळेल.

एवढं सगळं ऐकूनही तुमचं न्यूयॉर्कचं पक्कं असू शकतं. नवऱ्याला तिथे चांगली नोकरी मिळत असेल, घरचं कुणी तिथे असेल, मूल व्हायचं मनात असेल आणि आजी-आजोबा जवळ हवे असतील, तर ती कारणं खरी आहेत आणि माझ्या पैशांच्या हिशोबापेक्षा वजनदार ठरू शकतात. मग जा, पण क्रम बदला. आधी नोकरीसकट जा. क्यूनी या न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या कॉलेजांत, म्हणजे हंटर किंवा क्वीन्स कॉलेजसारख्या ठिकाणी, राज्याच्या रहिवाशाला लागणारी फी बाहेरच्याच्या जवळपास निम्मी असते, आणि रहिवासी व्हायला १२ महिने राहावं लागतं. ते वर्ष कमवा, शॅडोइंग करा, आणि मग विषय सुरू करा. घर बघताना हे ध्यानात ठेवा की तिथले घरमालक सहसा महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात. तीन हजारांच्या घराला एक लाख वीस हजार. तुमची नोकरी नसेल तर हे एकट्या नवऱ्याच्या पगारावर दाखवावं लागेल. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि २०२५ च्या जूनपासून दलालाचे पैसे ज्याने दलाल नेमला त्याने द्यायचे असा शहराचा कायदा आहे, तेव्हा घरमालकाच्या दलालाला पैसे देऊ नका.

आणि नदीच्या कुठल्या काठावर घर घेताय ते जपून ठरवा. बरेच मराठी लोक जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला राहतात, पाथ ट्रेनने मॅनहॅटन जवळ पडतं, किराणा हाताशी असतो. पण हडसनच्या त्या काठावर राहिलात की तुम्ही न्यू जर्सीच्या रहिवासी. क्यूनीला बाहेरच्या, स्टोनी ब्रूकला बाहेरच्या. मग तुमचं सरकारी कॉलेज नेवार्कचं रटगर्स, आणि स्वस्त वर्ग हडसन काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात. तोही मार्ग चांगला आहे, फक्त ठरवून घ्या, भाडं थोडं कमी दिसलं म्हणून घडू देऊ नका. पुढे न्यूयॉर्कमध्येच प्रॅक्टिस करायची असेल तर पदवीनंतर एक वर्षाची रेसिडेन्सी तिथे लायसन्ससाठी सक्तीची आहे, ते वर्षही धरा. त्या वर्षात पगार मिळतो.

तुमच्या आत्याबाईंचा सल्ला, "त्यापेक्षा भारतात जाऊन बीडीएस करून ये," याबद्दलही लिहिते, कारण तो प्रेमाने दिलेला आहे आणि बरेच जण देतात. बीडीएस म्हणजे नीट देऊन चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. ते करून परत आल्यावर इथली आयएनबीडीई ही लायसन्ससाठी लागणारी परीक्षा, आणि मग परदेशी डेंटिस्टांसाठीच्या ॲडव्हान्स्ड स्टँडिंगमध्ये आणखी दोन-तीन वर्षं, तिथे जागा मोजक्या आणि फी इथल्याइतकीच. शिवाय एवढी वर्षं बाहेर राहिलात तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. ज्यांचं बीडीएस आधीच झालंय त्यांच्यासाठी तो रस्ता आहे. तुमच्यासाठी नाही.

राहिला भारतातल्या मार्कांचा प्रश्न. तुमचं बी.टेक. चार वर्षांचं आहे, हे चांगलं झालं. पदवी म्हणून ते सहसा निभावतं. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांना काही कॉलेजं आणखी विषय मागतात. मात्र पूर्वतयारीचे विषय इथल्याच कॉलेजात केलेले असावेत असं बहुतेक डेंटल कॉलेजं म्हणतात, तेव्हा पुण्यात केलेली ऑरगॅनिक इथे धरतील या आशेवर राहू नका. पण ट्रान्सक्रिप्ट मात्र लागेल. डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि त्यांना विद्यापीठाने स्वतः पाठवलेली प्रत हवी असते. एम.एस.च्या वेळी केलेलं मूल्यांकन असेल तर ते विषयवार होतं का आणि अजून चालतं का, ते तपासा. नसेल तर पुण्यात आईबाबांपैकी कुणाला तरी अधिकारपत्र देऊन अर्ज करायला लावा, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आधी करा. ती सुट्टी लागली की पुढे परीक्षा येतात आणि कागद टेबलावर पडून राहतो. जनरल केमिस्ट्रीचा वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, त्याची नोंदणी त्याच्या बऱ्याच आधी उघडते, आणि संध्याकाळच्या लॅबची तुकडी सहसा एकच असते. तिच्या तारखा या आठवड्यातच बघून घ्या.